झांकली मूठ

परवां दिवाळीची आवराआवर चालली असतां माळ्यावरील एक लांकडी पेटी खालीं काढण्याचा प्रसंग आला. पेटी हातभर लांबीची, सागवानी, खिळ्यांऐवजीं खुंट्यांनीं जोडलेली. तिच्या एका कुशीस पितळी दांडा आहे. तो फिरविला कीं आंतील दांत्यांचीं सात चाकें कुरकुरत फिरूं लागतात, एक पट्टी पुढें सरकते, क्षणभर थांबते आणि पुनः मागें येते. माझ्या सात वर्षांच्या नातीनें तो दांडा दहा-वीस वेळां फिरवून पाहिला आणि विचारलें, "आजोबा, हें कशाचें यंत्र?"

"मला ठाऊक नाहीं, बाळ."

"मग कोणाला ठाऊक आहे?"

या दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर पहिल्यापेक्षां कठीण होतें. ज्यांस तें ठाऊक होतें ते माझे मामा १९८९ सालींच निवर्तले, आणि जातांना तें ज्ञान आपल्याबरोबर घेऊन गेले. त्यांनीं तें कोणास कां सांगितलें नाहीं, हें मात्र मला पुरतें ठाऊक आहे. त्या गोष्टींत माझाहि वांटा आहे. आपल्या शाळेच्या याच आवारांत तिचा आरंभ झाला, म्हणून ती शाळेच्याच वार्षिकांत सांगावी असें मनानें घेतलें.

मामांचें साताऱ्याकडील एका बाजाराच्या गांवीं सायकली दुरुस्त करण्याचें दुकान होतें. शिक्षण इयत्ता सातवीपर्यंत. परंतु हात असे कीं मोडकी वस्तु त्यांच्यापुढें ठेवली म्हणजे ती आपलें दुखणें आपणच सांगूं लागे. मी येथील वसतिगृहांत राहून शिकत असें व उन्हाळ्याची सुटी मामांच्या घरीं काढीत असें. त्या भागांत भुईमुगाचें पीक मोठें. पेरणीपूर्वीं बियाण्यासाठीं शेंगा फोडाव्या लागत, आणि तें काम बायकांच्या बोटांवर पडे. शेंगा फोडण्याचीं हातयंत्रें तेव्हांहि मिळत. पण त्यांच्या लोखंडी जबड्याखालीं दाणा दुभंगे. तेलाच्या घाण्यास तसा दाणा चालतो. मातींत पेरला तर उगवत नाहीं. म्हणून वैशाखांत बायका दिवसच्या दिवस हातानें शेंगा फोडीत बसत. मामींच्या अंगठ्यांना त्या दिवसांत भेगा पडत, आणि भाकरीचें पीठ मळतांना त्या झोंबत.

१९७८ च्या उन्हाळ्यांत मामांनीं तसलेंच एक जुनें यंत्र मोडींतून आणलें. त्याचा लोखंडी जबडा काढून टाकला व त्या जागीं जुन्या टायरचे जाड तुकडे बसविले. खालच्या जाळीचें अंतर कमीअधिक करतां यावें म्हणून दोन अंगांस दोन स्क्रू लावले. शेंग लहान असली तर जाळी वर घ्यावी, मोठी असली तर खालीं सोडावी. एवढेंच. परंतु या 'एवढेंच' पायीं त्यांच्या दोन महिन्यांच्या रात्री खर्चीं पडल्या होत्या. ज्या दिवशीं शंभर दाण्यांत फुटके तीनच निघाले, त्या दिवशीं मामांनीं ते दाणे मामींच्या ओंजळींत घातले. मामी कांहीं बोलल्या नाहींत. त्यांनीं ते दाणे नेऊन देवापुढें ठेविले.

त्याच वर्षीं नाताळच्या सुटीपूर्वीं आपल्या शाळेंत विज्ञान-प्रदर्शन भरलें. मी इयत्ता आठवींत होतों. आपल्या मामांचें यंत्र सर्वांना दाखवावें अशी माझी फार इच्छा. मीं पत्र लिहून परवानगी मागितली. मामांचें कार्ड आलें: "अवश्य दाखव. चार माणसांनीं पाहिलें तर बरेंच आहे." मीं मोठ्या कागदावर यंत्राची आकृति काढली, प्रत्येक भागास क्रमांक दिला, आणि सुतारकामाच्या वर्गांत एक लहानशी प्रतिकृतिहि तयार केली. मला दुसरें बक्षीस मिळालें. बक्षीस म्हणजे एक फौंटनपेन. तें पुढें कित्येक वर्षें माझ्यापाशीं होतें.

प्रदर्शन पाहावयास गांवांतील पुष्कळ मंडळी आली होती. त्यांत शेतीचीं अवजारें तयार करणारे एक गृहस्थ होते. ते माझ्या टेबलाशीं बराच वेळ उभे राहिले. त्यांनीं मोठ्या मायेनें प्रश्न विचारले. टायरच कां? तुकडे किती जाडीचे? जाळी वरखालीं कशी होते? मीं सर्व सांगितलें. त्यांनीं विचारलें नव्हतें तेंहि सांगितलें. जातांना ते माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "मुलगा हुशार आहे." त्या थापेचा अभिमान मला चार-पांच महिने पुरला.

पुढील उन्हाळ्यांत मी मामांबरोबर आठवड्याच्या बाजाराला गेलों. एका दुकानापुढें हिरव्या रंगाचीं नवीं कोरीं यंत्रें ओळीनें मांडलीं होतीं. प्रत्येकावर कारखान्याच्या नांवाची पत्र्याची पट्टी होती. मामा एका यंत्राजवळ गेले. त्यांनीं दांडा एकदां पुढेंमागें हालविला. मग आंत हात घालून टायरचे तुकडे चांचपले. मग दोन्हीं अंगांचे स्क्रू पाहिले. दुकानदार म्हणाला, "घ्या कीं, नवीन निघालंय. दाणा फुटत नाहीं." मामा म्हणाले, "हो, फुटत नाहीं." मग माझ्याकडे वळून त्यांनीं एवढेंच म्हटलें, "चल रे, ऊन फार झालें." मला त्यांनीं एक शब्दहि विचारला नाहीं. त्यांनीं रागें भरलें असतें तर मला बरें वाटलें असतें.

तेव्हांपासून दुकानाच्या मागील खोलीस कुलूप लागलें. पूर्वीं त्या खोलींत गांवांतील पोरें खुशाल शिरत, पक्कड-पाना हातीं देत, प्रश्न विचारीत. आतां मामा रात्रीं एकटेच आंत बसत. "झांकली मूठ सव्वा लाखाची" ही म्हण त्यांच्या तोंडीं वरचेवर येऊं लागली. ती ऐकली कीं मी मान खालीं घालीत असें. कारण ती मूठ उघडणारा मीच होतों.

शिक्षण संपल्यावर १९८४ सालीं मला मुंबईंत एका कचेरींत टंकलेखकाची नोकरी मिळाली. कचेरीचें काम पेटंटांचे अर्ज तयार करण्याचें. मामांच्या बाबतींत काय घडलें होतें याचा अर्थ मला तेथें प्रथम कळला, आणि तो मीं कल्पिला होता त्याहून अगदीं निराळा निघाला.

पेटंट म्हणजे गुपित राखण्याचा सरकारी दाखला, अशी माझी समजूत होती. परंतु मूळ लॅटिन शब्दाचा अर्थच मुळीं 'उघडें' असा आहे. इंग्लंडचे राजे कांहीं सनदा अशा देत कीं मोहोर न फोडतां त्या कोणासहि वाचतां याव्यात. अशा उघड्या पत्रानें दिलेला अधिकार तें पेटंट. व्हेनिसच्या राज्यानें १४७४ सालीं असा ठरावच केला कीं जो कोणी नवें कौशल्याचें यंत्र करील व तें सरकारास कळवील, त्याच्या अनुमतीवांचून दहा वर्षें दुसऱ्यानें तसें यंत्र करूं नये. इंग्लंडांत १६२४ च्या कायद्यानें राजानें वांटलेल्या बहुतेक मक्तेदाऱ्या मोडीत निघाल्या, पण नवें हुन्नर काढणारास चौदा वर्षांची सवलत राहिली. शागिर्दाची उमेदवारी तेव्हां सात वर्षांची असे. तिची ही दुप्पट. आपल्या देशांत असा पहिला कायदा १८५६ सालीं झाला. त्याखालीं पहिला अर्ज त्याच वर्षीं ३ मार्च रोजीं कलकत्त्याच्या जॉर्ज आल्फ्रेड डीपेनिंग नामक एंजिनियरानें केला. त्याचें यंत्र होतें पंखा ओढण्याचें! साहेबाच्या डोक्यावरील पंखा ओढीत दिवसभर बसणाऱ्या माणसाचे कष्ट, आणि भुईमूग फोडणाऱ्या बाईच्या बोटांच्या भेगा; शोध अशाच ठिकाणीं जन्मास येतात.

या सर्व कायद्यांच्या मुळाशीं एक साधा सौदा आहे. समाज शोधकास म्हणतो, "तुझ्या मुठींत काय आहे तें आम्हांस पूर्णपणें दाखव, आणि असें लिहून दे कीं त्या धंद्यांतील जाणत्या माणसास तें वाचून करतां यावें. त्याच्या मोबदल्यांत कांहीं वर्षें तुझ्या अनुमतीवांचून कोणी तें करणार नाहीं, विकणार नाहीं, अशी आम्ही तजवीज करूं. ती मुदत संपली कीं मग तें सर्वांचें." आज आपल्याकडे ही मुदत अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षांची आहे, १९७० च्या कायद्यानें त्या काळीं ती यंत्रांस चौदा वर्षांची होती. अट मात्र तेव्हांहि होती व आजहि आहे कीं वस्तु नवी असली पाहिजे. अर्ज करण्यापूर्वीं ती लोकांत उघड झाली, छापून आली, चारचौघांपुढें मांडली गेली, तर तिचें नवेपण गेलें. सरकारनें राजपत्रांत जाहीर केलेल्या औद्योगिक प्रदर्शनांपुरती कांहीं महिन्यांची सवलत आहे; शाळेचें प्रदर्शन त्यांत बसत नाहीं. हें वाक्य एका दुपारीं टंकलेखन करीत असतां माझ्या बोटांखालून गेलें, आणि माझीं बोटें तेथेंच थांबलीं. मामांच्या यंत्राचें नवेपण कोणत्या दिवशीं संपलें, कोणत्या टेबलाशीं संपलें, हें मला त्या क्षणीं दिसलें. त्या गृहस्थांनीं केलें तें सभ्यपणाचें नव्हतें. परंतु कायद्याचें दार ज्यानें उघडें टाकलें तो एक आठवींतील मुलगा होता.

त्या वर्षीं गणपतीच्या सुटींत मी गांवीं गेलों आणि सर्व कांहीं मामांना सांगितलें. प्रदर्शन, तो गृहस्थ, ते प्रश्न, पाठीवरची थाप. मामा ओटीवर बसून सुपारी कातरीत होते. त्यांनीं अडकित्ता खालीं ठेवला.

"चित्र तूं काढलेंस हें खरें. पण 'दाखव' असें कार्ड मीं लिहिलें होतें. तुला ठाऊक नव्हतें, मलाहि नव्हतें. त्यांत तुझा काय दोष?" मग थोडें थांबून त्यांनीं विचारलें, "पण त्या कागदानें मला काय मिळालें असतें?"

"चौदा वर्षें तें यंत्र तुम्हांलाच करतां आलें असतें, मामा. किंवा तुम्हांला पैसे देऊन दुसऱ्यानें केलें असतें."

"आणि चौदा वर्षांनंतर?"

"नंतर कोणींहि करावें."

मामा हांसले. "म्हणजे वनवासाएवढी मुदत! वाईट नाहीं. जन्मभर पुरवा असें मी तरी कुठें म्हणत होतों? चौदा वर्षांत पोरांचीं शिक्षणें झालीं असतीं. पुढें गांवानें खुशाल करावें, त्याचसाठीं तर केलें होतें." मग त्यांचा आवाज उतरला. "पैशाचें मला एवढें नाहीं रे. त्यानें त्यावर नांवाची पट्टी मारली, ती माझ्या डोळ्यांपुढून जात नाहीं. मीं केलेल्या वस्तूवर, माझ्याच गांवच्या बाजारांत, दुसऱ्याचें नांव. तुझी मामी अजून त्या दुकानाच्या रस्त्यानें जात नाहीं."

मग मीं बंद खोलीकडे बोट दाखविलें. आंत कांहीं नवें घडत आहे हें घरांत सर्वांस ठाऊक होतें. मीं म्हटलें, "मामा, या वेळीं आपण आधीं अर्ज करूं. मी स्वतः टंकलेखन करीन. प्रथम नुसतें तात्पुरतें वर्णन दिलें तरी तारीख आपल्या नांवावर पडते; पूर्ण तपशील मागून देतां येतो."

"तपशिलांत काय लिहायचें?"

"सर्व. आणि जी कृति तुम्हांला सर्वांत उत्तम ठाऊक असेल ती. लपवाल तर पेटंट टिकत नाहीं."

"सर्व लिहून द्यायचें? मग माझ्या हातीं राहिलें काय?"

"हक्क राहिला, मामा."

ते बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. दुधानें तोंड पोळलें म्हणजे मनुष्य ताकहि फुंकून पितो. एकदां सर्व सांगितल्यामुळें ज्याचें सर्व गेलें, त्यास 'या वेळीं सांगितल्यानेंच राहील' हें कसें पटावें? शेवटीं म्हणाले, "दिवाळी होऊं दे. अजून एक चाक नीट बसत नाहीं." ती दिवाळी गेली, पुढलीहि गेली. मी कोरे अर्ज नेऊन देत असें, आणि ते नीट घडी करून गणपतीच्या तसबिरीमागें ठेवीत असत. १९८९ च्या फाल्गुनांत एका पहाटे त्यांच्या छातींत कळ आली, आणि दवाखान्यांत पोंचण्यापूर्वींच सर्व आटोपलें. खोली उघडली तेव्हां ही पेटी मिळाली आणि एक वही. वहींतील खुणा त्यांनीं स्वतःशींच ठरविलेल्या होत्या. त्या कोणास लागल्या नाहींत. पहिला शोध मामांनीं हात मोकळा सोडून गमावला, दुसरा मूठ आवळून. पहिला निदान दुसऱ्यांच्या उपयोगीं पडला. मामींसारख्या कित्येकींचीं बोटें वांचलीं असतील. दुसरा कोणाच्याच उपयोगीं पडला नाहीं. झांकली मूठ सव्वा लाखाची खरी. परंतु ती झांकलेलीच राहिली तर ते सव्वा लाख मोजावयाचे कोणीं आणि कसे?

असें गमावण्याची आपल्या लोकांना जुनी संवय आहे. कित्येक वैद्यांचीं गुणकारी औषधें त्यांच्याबरोबर चितेवर गेलीं, कारण तीं मुलाशिवाय कोणास सांगावयाचीं नाहींत असा दंडक, आणि मुलगा मुंबईंत नोकरीला! याच्या उलट, जें आपण लिहून ठेविलें तें कसें कामास येतें, हें हळदीच्या खटल्यानें दाखविलें. हळदीनें जखम भरते, ही गोष्ट आपल्याकडील कोणत्याहि आजीस ठाऊक. तरी १९९५ सालीं हळदीच्या त्याच गुणावर अमेरिकेंत एका विद्यापीठांतील संशोधकांस पेटंट मिळालें. आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेनें, डॉ. रघुनाथ माशेलकर तिचे प्रमुख असतां, त्यास हरकत घेतली. केवळ "आमच्या आजीला ठाऊक होतें" असें म्हणून भागण्यासारखें नव्हतें; लेखी पुरावा पाहिजे होता. जुने ग्रंथ धुंडाळले गेले, आणि १९५३ सालचा वैद्यकीय नियतकालिकांतील एक लेखहि पुढें ठेवण्यांत आला. १९९७ सालीं तें पेटंट रद्द झालें. हळदीस वांचविलें तें गुप्ततेनें नव्हे. कोणीं तरी, केव्हां तरी तें ज्ञान उघडपणें लिहून ठेविलें होतें, त्यानें. पुढें २००१ पासून अशा पारंपरिक ज्ञानाची एक मोठी नोंदच सरकारनें करावयास घेतली.

येथें एखादा विचारी वाचक म्हणेल, ज्ञान हें देण्याची वस्तु. त्यावर हक्क सांगणें हें कोतेपणाचें नव्हे काय? हा प्रश्न मलाहि पडत असे. जगदीशचंद्र बोस यांना विद्युल्लहरींच्या शोधांवर पैसा मिळविणें रुचत नसे. मित्रमंडळींच्या आग्रहानें १९०४ सालीं एक अमेरिकन पेटंट त्यांच्या नांवें झालें, पण त्याचा धनासाठीं उपयोग करण्याचें त्यांनीं मनावर घेतलें नाहीं. अशा निरिच्छतेपुढें मस्तक नमवावें. परंतु इन्सुलिन शोधणाऱ्या बँटिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दुसरी एक वाट दाखविली. त्यांनीं पेटंटाचा हक्क सोडून दिला नाहीं. तो १९२३ सालीं प्रत्येकी एका डॉलरास टोरांटो विद्यापीठाच्या स्वाधीन केला, यासाठीं कीं दुसऱ्या कोणीं त्या औषधाची मक्तेदारी करूं नये आणि तें शुद्ध स्वरूपांत तयार व्हावें. म्हणजे ज्याला दान करावयाचें आहे त्यालाहि वस्तु आधीं आपल्या मालकीची करून घ्यावी लागते. आपण होऊन दिलें तें दान; आपल्या नकळत नेलें ती चोरी. मामांनीं आपलें यंत्र गांवास आनंदानें दिलें असतें. देण्याचा तो आनंदच त्यांच्यापासून हिरावून घेतला गेला, आणि माझ्या मतें त्यांचें खरें नुकसान तें.

पेटंट मिळालें म्हणजे लक्ष्मी दारीं पाणी भरूं लागते, असेंहि कोणीं समजूं नये. मुंबईंत १८६७ सालीं जन्मलेले आपले शंकर आबाजी भिसे यांचें उदाहरण पाहावें. त्यांनीं लंडनच्या एका नियतकालिकाची स्पर्धा जिंकली, विलायतेस जाऊन छपाईचे खिळे पाडणारें अपूर्व यंत्र काढलें, कित्येक पेटंटें मिळविलीं. दादाभाई नौरोजींचें साह्य आणि पुढें रतन टाटांचें भांडवल असूनहि त्यांना पैशासाठीं वर्षानुवर्षें झगडावें लागलें. १९३५ सालीं न्यूयॉर्क येथें त्यांचा अंत झाला. पण त्यांचीं यंत्रें कोणाचीं, असा प्रश्न आज कोणी विचारीत नाहीं. त्यांवर त्यांचें नांव आहे, आणि आंत काय आहे तें कोणासहि वाचतां येतें.

शाळेंतील मुलांना मी आज दोन गोष्टी सांगूं इच्छितों. पहिली गोष्ट, ज्याला कांहीं नवें सुचेल त्याच्यासाठीं. नुसत्या कल्पनेस पेटंट मिळत नाहीं. 'अशी एक गिरणी असती तर!' एवढ्यानें भागत नाहीं, ती कशी चालेल हें दाखवावें लागतें. म्हणून सुचलेलें वहींत लिहा, आकृति काढा, तारीख घाला, आणि दुसऱ्यास समजेल अशा भाषेंत लिहा. तें खरोखरच नवें वाटलें तर प्रदर्शनांत मांडण्यापूर्वीं, मासिकांत छापण्यापूर्वीं शिक्षकांना व वडील माणसांना विचारा. मुंबईंत अँटॉप हिल येथें पेटंट-कचेरी आहे. तात्पुरत्या वर्णनानें अर्ज केला म्हणजे पूर्ण तपशील देण्यास बारा महिने मिळतात. एकट्या माणसानें संगणकाद्वारें अर्ज केल्यास त्याचें मूळ शुल्क १,६०० रुपये आहे. परीक्षणाचें शुल्क व जाणकाराचें मानधन निराळें. आपला अर्ज एकदां दाखल झाला कीं मग मात्र मूठ मोकळेपणानें उघडा. तुमच्या निबंधास वा कवितेस एवढाहि खटाटोप नको. ती लिहिली गेली त्याच क्षणीं लेखकाचा तिजवर हक्क उत्पन्न होतो, आणि आपल्या कायद्याप्रमाणें तो त्याच्या मरणानंतरहि साठ वर्षें चालतो.

दुसरी गोष्ट, जो दुसऱ्याचें नवें पाहील त्याच्यासाठीं. आणि ती मला अधिक महत्त्वाची वाटते. त्या गृहस्थांनीं मामांकडे येऊन नुसतें विचारलें असतें, तर मामांनीं त्यांना चहा पाजला असता व टायर कसा कापावा हेंहि दाखविलें असतें. त्या पत्र्याच्या पट्टीवर एका सायकल-दुरुस्तीवाल्याचें नांव कोरावयास एक ओळ पुरली असती. ती ओळ असती तर मागील खोलीस कुलूप लागलें नसतें. वर्गांतील सोबत्याच्या वहींतून गणिताची युक्ति घेतांना, कोणाचा निबंध आपल्या नांवावर लिहितांना, आपण एक कुलूप लावीत असतों हें ध्यानांत असूं द्यावें. कायदा वीस वर्षें राखण करील. परंतु 'हें माझें नव्हे, त्याचें आहे' असें म्हणण्यास कोणताहि कायदा लागत नाहीं.

असो. नातीनें विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर मला देतां आलें नाहीं, म्हणून मीं एक ठरविलें आहे. ती पेटी आणि ती वही, दोन्हीं या वर्षीं शाळेच्या प्रयोगशाळेस देत आहें. मुख्याध्यापकांनीं तीं कांचेच्या कपाटांत न ठेवतां टेबलावर, मुलांच्या हातीं लागतील अशीं ठेवण्याचें मान्य केलें आहे. दांडा फिरवा, चाकें मोजा, खुणांचा अर्थ लावून पाहा. सातांपैकीं कोणतें चाक मामांना नीट बसत नव्हतें, तें कदाचित् तुमच्यापैकीं एखाद्यास सांपडेल. सांपडल्यास मला अवश्य कळवावें. पेटीच्या झांकणावर मीं एक लहानशी पितळी पट्टी बसवून घेतली आहे. तीवर मामांचें नांव आहे.